हेदवकर ते ज्ञानमोठे

अंबादास क्षीरसागरांचे पत्र आल्यावर गणपती गेले, नवरात्र गेले, कोजागिरीचे दूधही पिऊन झाले, तरी माणिकराव टिपणीस यांनी त्याला उत्तर लिहिले नव्हते. याचे सगळ्यात जास्त नवल त्यांचे त्यांनाच वाटत होते. विमा कंपनीच्या पत्रव्यवहार विभागात त्यांची सगळी नोकरी परक्या माणसांच्या पत्रांना उत्तरे देण्यात गेली होती. परक्यांना उत्तर देणे सोपे असते. अंबादास त्यांचा मित्र होता, आणि त्याने विचारले होते ते सरळ होते.

‘माणिक,’ त्याने लिहिले होते, ‘तुमच्या मंडळाने कॉम्प्युटरवर यादी काढली आहे आणि तीत माझ्या नावापुढे शून्य लागले आहे, असे ऐकले. पाच वर्षांत माझे एकही पुस्तक एकाही माणसाने घरी नेले नाही, हे खरे का? तूच सांग. बाकी कोणी सांगितले तर मी मानणार नाही. खाडीचे पुस्तक निम्मे झाले आहे. वाचणारा कोणी नसेल तर राहिलेल्या निम्म्यासाठी डोळे फोडण्यात अर्थ नाही. तुझे उत्तर येईपर्यंत कागद तसेच ठेवतो.’

अंबादास मत्स्य खात्यातून निवृत्त झालेला माणूस. वर्सोवा, खारदांडा, मढ अशा सगळ्या कोळीवाड्यांतून नोकरीनिमित्त हिंडला, आणि जे पाहिले ते लिहीत गेला. मोठा लेखक म्हणून त्याला कोणी ओळखत नव्हते. आता तो बोरिवलीला मुलीकडे राहत होता, आणि खाडीचे पुस्तक हे आपले शेवटचे, असे म्हणत होता.

माणिकराव ‘उपनगरी वाचनालय मंडळा’चे मानद कार्यवाह होते. मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवली अशी चारही ठिकाणची जुनी वाचनालये या मंडळात होती. मुलुंडची इमारत पाडून नवी बांधायची ठरली, तोवर मिळालेली भाड्याची जागा निम्मीच भरली, म्हणून पुस्तके कमी करायची वेळ आली. ज्या लेखकाचे पाच वर्षांत एकही पुस्तक कोणी नेले नाही, त्याची पुस्तके दिवाळीनंतर टेम्पोने भिवंडीच्या गोदामात धाडायची, असा ठराव झाला. भिवंडीला गेलेले पुस्तक परत येत नाही, हे ठरावात लिहिलेले नव्हते, पण सगळ्यांना ठाऊक होते.

यादी बैठकीत भिंतीवर दाखवली गेली. अध्यक्ष होते सुबोध राजाध्यक्ष. घाटकोपरला त्यांचा दातांचा दवाखाना होता. हसवत हसवत दाढ काढण्याबद्दल त्यांची ख्याती होती. ते यादी वरवर चाळत गेले आणि एका ओळीवर थांबले.

“आणि हे बघा, आपले क्षीरसागर! शून्य. गेले रे बाबा गेले, भिवंडीला गेले!”

चारदोन माणसे हसली. माणिकरावांना वाटले, उठावे आणि म्हणावे की हे कसे शक्य आहे, मी स्वतः त्याचे पुस्तक नेले आहे. पण लगेच शंका आली. आपण कार्यवाह. वाचनालयाची किल्ली आपल्याकडे. पुस्तक काखोटीला मारून घरी नेताना दर वेळी कार्डावर नोंद केली होती का? एकदा तरी केली होती का? खात्री वाटेना. मग ते बसूनच राहिले. तेवढ्यात ठराव मंजूर झाला.

घरी येताना मात्र ते हसू त्यांच्या मनातून जाईना. सुबोध आणि अंबादास यांचे हाडवैर होते असे नाही, पण एकदा वर्सोव्याच्या व्याख्यानात अध्यक्षस्थानावरून सुबोधने घंटी वाजवून अंबादासचे भाषण मध्येच बंद केले होते, आणि अंबादास माइकवरूनच म्हणाला होता, “अध्यक्षांना फक्त तोंड उघडा म्हणायची सवय आहे, आज बंद करा म्हणाले म्हणजे विषय गंभीर दिसतो.” सगळा कोळीवाडा हसला होता. सुबोधही हसला होता. पण त्यानंतर अंबादासला मंडळाने एकाही कार्यक्रमाला बोलावले नव्हते.

आणि यादी केली होती कोणी? अबोलीने. अबोली म्हणजे सुबोधच्या बहिणीची मुलगी. मरोळच्या एका कंपनीत ती डेटाबेसचेच काम करायची, आणि शनिवारी मंडळाचे काम हौसेने बघायची. चारही वाचनालयांतल्या गेल्या वीस वर्षांच्या देवघेवीच्या नोंदी तिने एका ठिकाणी आणल्या होत्या. मुलगी हुशार, बोलायला तडकफडक. माणिकरावांना ती आवडायची. त्यामुळे तिच्यावर संशय घ्यायचा तर आधी स्वतःची लाज वाटत होती, आणि लाज वाटते म्हणून संशय जात होता असेही नाही.

एक गोष्ट राहून राहून खुपत होती. मागच्या वर्षीही अशीच एक यादी निघाली होती, आणि तिच्यात अंबादासपुढे काहीतरी आकडा होता. किती ते आठवत नव्हते. शून्य नव्हते एवढे नक्की. मधल्या काळात एकच बदल झाला होता. अबोलीने नोंदींचा क्रम बदलला होता. आधी नोंदी तारखेप्रमाणे लावलेल्या असत. एका लेखकाबद्दल विचारले तरी वीस वर्षांच्या सगळ्या नोंदी पहिल्यापासून चाळल्या जात, आणि उत्तर येईपर्यंत इकडे चहा पिऊन होई. आता तिने त्या लेखकांच्या आडनावांप्रमाणे लावल्या होत्या. विचारल्याबरोबर उत्तर.

‘क्रम बदलला म्हणून माणूस नाहीसा होतो?’ माणिकराव स्वतःशी म्हणाले. कपाटातली पुस्तके डावीकडची उजवीकडे केली तर पुस्तके कमी होत नाहीत. कमी झाली असतील तर लावणाऱ्याने ती काढून घेतली असली पाहिजेत.

त्यांनी अबोलीला फोन केला. चार वेळा मनात वाक्य जुळवून मग केला.

“अबोली, ती यादी... सगळं बरोबर आहे ना गं?”

“टोटल जुळते काका. जुन्या क्रमात जेवढ्या नोंदी होत्या तेवढ्याच नव्यात आहेत. एकसुद्धा इकडची तिकडे नाही. का हो? कोणी काही बोललं का?”

“नाही, नाही. सहज.”

त्यांनी फोन ठेवला, आणि संशय उलट पक्का झाला. टोटलचे आपण विचारलेच नव्हते. विमा कंपनीत त्यांना एका वरिष्ठांनी शिकवले होते, की जो माणूस न विचारता ‘सर्व कागदपत्रे बिनचूक आहेत’ असे लिहितो, त्याचे कागद पहिल्यांदा बाहेर काढायचे. शिवाय ‘कोणी काही बोललं का’ हे तिने का विचारावे?

असे दिवस गेले. उत्तर लिहायला बसले की दोन्ही वाटा बंद दिसत. ‘हो, खरे आहे’ लिहावे, तर अंबादासचे कागद रद्दीत जाणार. ‘नाही, खोटे आहे’ लिहावे, तर तो विचारणार, कशावरून? आणि रात्री पडल्या पडल्या एक तिसरीच शंका डोके वर काढी. शून्य खरेच असेल तर? अंबादासला खरोखरच कोणी वाचत नसेल, आणि ते मला सोसत नाही म्हणून मी सुबोधला चोर ठरवत असेन तर?

दिवाळी तोंडावर आली तसे ते एका सकाळी उठून अंधेरीच्या वाचनालयात गेले. तिथल्या ग्रंथपाल नीला पुस्तकांना नवी वेष्टणे घालत होत्या. माणिकराव शेवटच्या कपाटापाशी गेले. सगळ्या वाचनालयांत शेवटचे कपाट ‘क्ष-ज्ञ’चे, थोडे रिकामे, वरच्या फळीवर कुणाची तरी छत्री ठेवलेली. अंबादासची पुस्तके ओळीने होती. मध्ये एक फट होती.

“नीलाताई, इथलं एक पुस्तक कुठं गेलं?”

“वर्सोव्याचं ना? बाहेर आहे. तिथल्याच एक बाई नेतात की दर पावसाळ्यात. यंदा अजून आणून दिलं नाही, फोन करायला हवा.”

“दर पावसाळ्यात? नोंद होते का त्याची?”

नीलाताईंनी चष्म्यावरून पाहिले. “अहो, नोंद केल्याशिवाय मी माझ्या आईला पुस्तक देत नाही.”

आता माणिकरावांना शंका नव्हती. दर पावसाळ्याला एक नोंद होत होती, आणि यादीत शून्य होते. कोणीतरी पुसले होते. ते तसेच मेट्रोत बसले आणि मरोळला उतरले. वाटेत त्यांनी बोलायची वाक्ये तीनदा जुळवली, त्यातले एकही त्यांना पुरेसे सभ्य वाटले नाही.

अबोलीच्या कंपनीच्या इमारतीत खाली कॅन्टीन होते. काचेतूनच त्यांना दिसले, की एका टेबलाशी अबोली बसली आहे, आणि तिच्या शेजारी, डोक्याला डोके लावून, सुबोध राजाध्यक्ष. दोघे लॅपटॉपमध्ये बघत होते. सुबोध बोट दाखवून काही सांगत होता आणि अबोली मान हलवून नाही म्हणत होती. माणिकराव आत शिरले. अबोलीने त्यांना पाहिले आणि पटकन लॅपटॉपचे झाकण मिटले.

“अरे माणक्या!” सुबोध ओरडला. “तू आणि मरोळला? वाट चुकलास की काय?”

“तू इथं कसा?”

“भाचीला डबा द्यायला. ताईनं अळूवड्या केल्यात. बस, खा.”

“झाकण का मिटलंस?” माणिकराव अबोलीला म्हणाले. इतके सरळ बोलायचे त्यांनी ठरवले नव्हते.

“अं?”

“मी आलो आणि तू झाकण मिटलंस.”

मामा-भाचीने एकमेकांकडे पाहिले. माणिकरावांनी दोन्ही हात खुर्चीच्या पाठीवर ठेवले.

“सुबोध, तुला अंबादास आवडत नाही, मला माहितेय.”

“नाहीच आवडत. तोंडाळ माणूस आहे. मग?”

“मग... शून्य.”

सुबोधला समजायला जरा वेळ लागला. समजले तेव्हा त्याच्या हातातली अळूवडी तशीच राहिली. “ऐकलंस का अबोली? हा म्हणतोय, मी तुझ्याकडून क्षीरसागर पुसून घेतला. म्हणजे मी दवाखाना बंद करून, रिक्षा करून इथं येतो, आणि भाचीला सांगतो, ह्या म्हाताऱ्याला उडव. वा रे माणक्या! एवढी वर्षं तुझे दात धरलेत मी हातात, चावायची संधी होती तेव्हा नाही चावलास, आज चावलास होय?”

“काका,” अबोली म्हणाली. तिचा आवाज थंड होता. “खरंच असं वाटलं तुम्हाला?”

माणिकरावांनी खुर्ची ओढली, पण बसले नाहीत.

“झाकण मिटलं कारण मामा मला एक स्थळ दाखवत होता,” ती म्हणाली, “आणि मला ते चार लोकांत दाखवायचं नव्हतं. बघायचंय?” तिने झाकण उघडले. एक जाडसर तरुण स्वित्झर्लंडमध्ये बर्फात उभा राहून हसत होता. तिने ती खिडकी बंद केली. “आता बोला. पुरावा काय?”

माणिकरावांनी नीलाताईंचे सांगितले. अंधेरीला वर्सोव्याच्या एक बाई दर पावसाळ्यात पुस्तक नेतात, नोंद होते.

“यादी झाल्यावर नेलं असेल.”

“यंदाचं तसं असेलही. पण दर पावसाळ्यात गं. मागचं कुठं गेलं?”

तिने मंडळाचा डेटाबेस उघडला, क्षीरसागर नाव लिहिले, पाच वर्षे लिहिली. क्षणात उत्तर आले. शून्य. तिने पाच वर्षे काढून टाकली, सगळी वीस वर्षे विचारली. शून्य.

“वीस वर्षांत एकदाही नाही?” सुबोध म्हणाला. “तो पहिल्या पुस्तकाच्या प्रकाशनाला आला तेव्हा त्यानं स्वतःच नेलं होतं, टाळ्या वाजवायला मी होतो. ही काहीतरी गडबड आहे बुवा.”

माणिकरावांनी चमकून त्याच्याकडे पाहिले. चोर असे बोलत नाही. का मुद्दामच असे बोलतो? अबोलीने शून्य आलेल्या सगळ्या लेखकांची नावे पडद्यावर आणली आणि लॅपटॉप माणिकरावांकडे वळवला. “तुम्ही वाचा. तुम्हाला माणसं माहितेत. ह्यातलं कोण शून्य असायला नको?”

माणिकराव वाचू लागले. बहुतेक नावांबद्दल वाईट वाटत होते, आश्चर्य वाटत नव्हते. कोणी फार जुने, कोणी फार बोजड. ज्ञानमोठे शास्त्री तर वाचनालयातही कोणी उघडत नसे. आणि मग त्यांचे बोट थांबले.

“हेदवकर?”

“कोण हेदवकर?”

“अगं, बालगोष्टी लिहितात ते. मुलुंडला त्यांची पुस्तकं शिवून शिवून दोरा संपतो. मुलं रडतात दुसऱ्यानं नेलं म्हणून. हेदवकर शून्य?”

“दाखव,” म्हणून सुबोध टेबलावर ओणवा झाला. “हेदवकर? अरे तो माझा व्याही! माझ्या सुनेचा बाप! त्याला मी उडवीन? दिवाळीला घरी यायचाय तो! हिनं यादी दाखवली तेव्हा मी बाकीचं नीट वाचलंच नाही, क्षीरसागरावर हसत बसलो. माणक्या, घे, आता हेदवकरांचं वैर कोणाशी ते शोध.”

माणिकरावांच्या संशयाचे सगळे खांब एकदम निखळले. क्षीरसागर, हेदवकर, ज्ञानमोठे. या तिघांचा शत्रू एकच असेल असा माणूस जगात नव्हता. एक कोळीवाड्यांचा, एक मुलांचा, एक शास्त्री. तिघांचा संबंध नाही.

“आहे,” अबोली हळूच म्हणाली. “शेजारी आहेत तिघं.”

ती आता त्यांच्याकडे बघतच नव्हती. तिने मशीनला एक प्रश्न विचारला: कोणाचेही नाव न घेता, एकूण नोंदी किती? मग दुसरा: प्रत्येक लेखकाचे नाव घेऊन विचार, आणि येतील त्यांची बेरीज कर. दुसरा आकडा लहान होता.

“टोटल जुळते,” ती म्हणाली, “पण एकेकाला हाक मारली तर सगळे ओ देत नाहीत. म्हणजे नोंदी आहेत. पुसलेल्या नाहीत. सापडत नाहीयेत.”

“असं कसं?”

तिने कॅन्टीनचे कागदी रुमाल घेतले आणि टेबलावर त्यांचे छोटे गठ्ठे केले. “नोंदी अशा गठ्ठ्यांनी ठेवलेल्या असतात. प्रत्येक गठ्ठ्यावर एक चिठ्ठी. ह्या नावापासून त्या नावापर्यंत. आधी तारखेचा क्रम होता, तेव्हा एकच लेखक सगळ्या गठ्ठ्यांत विखुरलेला, म्हणून सगळेच उघडावे लागायचे. आडनावाचा क्रम लावल्यावर मशीन आधी नुसत्या चिठ्ठ्या वाचतं. साठे हवेत, तर ज्या चिठ्ठीत साठे बसतात तोच गठ्ठा उघडतं. बाकीच्यांना हातही लावत नाही. म्हणून पटकन उत्तर येतं.” तिने शेवटच्या गठ्ठ्यावर बोट ठेवले, मग पडद्यावर त्या गठ्ठ्याची चिठ्ठी काढली. ‘हेदवकर ते ज्ञानमोठे.’

“बरोबर आहे की,” माणिकराव म्हणाले. “ह संपला की क्ष, मग ज्ञ.”

“तुमच्यासाठी बरोबर आहे काका. तुम्ही मला सांगितलं होतंत, आठवतं? क्ष आणि ज्ञ शेवटीच हवेत. कपाटात आहेत तसे.”

माणिकरावांना आठवले. नुसते सांगितले नव्हते, चांगला दोन पानांचा खर्डा पाठवला होता. मुळाक्षरांत आईबापांनी जी जागा शिकवली ती मशीनसाठी सोडायची नाही, असे एक वाक्यही त्यात होते, आणि ते त्यांना बरे जमले आहे असे तेव्हा वाटले होते.

“मशीनच्या हिशोबात क्ष म्हणजे क ला जोडलेला ष,” अबोली म्हणाली. “तो क मध्येच येतो. ज्ञ येतो ज मध्ये. मी नोंदी तुमच्या क्रमानं लावल्या. पण त्या चिठ्ठ्या वाचणारं जे आहे, त्याला हा क्रम सांगायचा राहिला. ते आपल्याच क्रमानं वाचतं. त्याला ही चिठ्ठी कशी दिसते? ह पासून ज पर्यंत. म्हणजे पुढून सुरू होऊन मागं संपणारी. अशा चिठ्ठीत कोणाचंच नाव बसत नाही. म्हणून हा गठ्ठा कोणी कधी उघडलाच नाही.”

“आणि ओरडलंही नाही?”

“चूक झाली तर ओरडतं. ह्यात त्याच्या मते चूक नव्हती. त्यानं चिठ्ठी वाचली, नाव नाही म्हणालं.” तिने कपाळाला हात लावला. “चूक माझी आहे. रचणाऱ्याचा एक क्रम आणि वाचणाऱ्याचा दुसरा. टोटल बघून मी खूश झाले.”

सुबोध माणिकरावांकडे वळला. “म्हणजे माणक्या, तुझ्या क्ष-ज्ञपायी माझा व्याही भिवंडीला चालला होता.”

माणिकरावांना हसू आले नाही. “आता काय करणार?” त्यांनी अबोलीला विचारले.

“आत मशीनचाच क्रम ठेवते. रचताना पण तोच, वाचताना पण तोच. यादी छापायची असेल तेव्हा शेवटच्या क्षणी तुमच्या क्रमानं लावून देईन.”

“म्हणजे क्षीरसागर क च्या पोटात.”

“फक्त आत काका. जिथं कोणी बघत नाही तिथं. कपाट आहे तसंच राहू द्या.”

माणिकरावांना हे मनापासून पटले नाही. पण ‘राहू दे’ म्हणण्याची हिंमत त्या टेबलाशी त्यांच्यात उरली नव्हती. त्यांनी मान हलवली. अबोलीने नोंदी नव्याने लावायला घेतल्या. तोवर तिघांनी अळूवड्या संपवल्या. माणिकरावांना माफी मागायची होती. शब्द घशापर्यंत येत आणि अळूवडीबरोबर परत खाली जात. शेवटी सुबोधनेच उरलेली वडी त्यांच्या पुढ्यात सरकवली आणि म्हणाला, “खा रे. विष नाही घातलंय. आधी तपासून घेतोस का?”

लावून झाले. अबोलीने पुन्हा ‘क्षीरसागर’ लिहिले, पाच वर्षे लिहिली. या वेळी आकडा आला. माणिकरावांनी सुटकेचा श्वास सोडला. चांगला दोन आकडी होता. पण अबोलीने त्याखाली वाचकांची कार्डे काढली, आणि तो श्वास अर्ध्यातच अडकला. ओळीने एकच कार्ड होते. मुलुंड शाखा, टिपणीस मा. वि. पुन्हा टिपणीस. पुन्हा टिपणीस.

“नोंद करत होतास म्हणजे,” सुबोध म्हणाला. “प्रामाणिक माणूस.”

“मला काढ त्यातून,” माणिकराव अबोलीला म्हणाले.

“कशाला? तुम्ही पण वाचकच.”

“काढ गं. मी त्याचा मित्र आहे. मला मोजलं तर त्याला उत्तर मिळणार नाही.”

तिने त्यांना काढले. बाकी जे उरले ते एका हाताच्या बोटांवर मोजावे इतपत होते, आणि सगळे एकाच पुस्तकाचे, एकाच कार्डावर. अंधेरी शाखा. इतर पुस्तकांना माणिकराव सोडले तर खरोखरच कोणी हात लावला नव्हता. शून्य खोटे होते, पण फारसे खोटे नव्हते.

“आता लिही त्याला,” सुबोध म्हणाला. “पन्नास लोक वाचतात म्हणून लिही. त्याचं काय जातंय? म्हाताऱ्याला बरं वाटेल, तो लिहील, तू वाचशील.”

“तो विश्वास ठेवणार नाही. माझ्याहून संशयी आहे.”

“तुझ्याहून?” सुबोध म्हणाला. “मग अवघडच आहे.”

घरी येऊन माणिकरावांनी नीलाताईंना फोन लावला, आणि त्या वर्सोव्याच्या बाई कोण, असे विचारले. नीलाताईंनी सांगितले ते त्यांनी एका जुन्या पाकिटावर टिपून घेतले. मग लिहायला बसले. पहिला कागद फाडला, कारण त्यात ‘निराश होऊ नकोस’ असे वाक्य आले होते. दुसराही फाडला, त्यात सुबोध फार आला होता. तिसरा असा झाला:

‘प्रिय अंबादास, शून्य चुकीचे आहे. तुझ्या आणि ज्ञानमोठ्यांच्या नोंदी क्ष-ज्ञच्या भानगडीत अडकल्या होत्या. त्यात माझाही हात होता, भेटल्यावर सांगेन. तुला उशीर केला कारण मी चोर शोधत होतो, आणि चोर कोणीच नव्हता. आता खरे. तुझी पुस्तके सर्वांत जास्त मी नेली आहेत. मला वजा केले आहे. त्यानंतर एकच वाचक राहतो. वर्सोव्याच्या विमलाबाई तुझे वर्सोव्याचे पुस्तक दर पावसाळ्यात नेतात. होड्या वर ओढलेल्या असतात तेव्हा सासऱ्यांना वाचून दाखवतात. सासरे सत्तरीपलीकडचे, जन्मभर समुद्रावर गेलेले. ते दर वर्षी तुझ्या चुका काढतात. बोंबील वाळत घालण्याचे तू लिहिले आहेस ते त्यांना साफ नामंजूर आहे, आणि त्या लेखकाला एकदा माझ्यासमोर आणा, असे ते म्हणतात. यंदा पुस्तक परत आलेले नाही कारण त्यांचे अजून भांडण संपलेले नाही. बाकी पुस्तके कोणी नेत नाही. एवढ्यासाठी खाडीचे निम्मे लिहावे की नाही ते तू ठरव. मी लिही म्हणणार नाही. मी म्हटले तर तुला संशय येईल. तुझा, माणिक.’

त्यांनी ते पुन्हा वाचले नाही. वाचले असते तर चौथा कागद घ्यावा लागला असता. पाकीट चिकटवले, चपला घातल्या आणि मुलुंडच्या पोस्टात गेले. दारातली लाल पेटी इतकी धुळकट होती की त्यांचा हात फटीपाशी थबकला. आत खिडकीशी बसलेल्या बाईंना त्यांनी विचारले, “ही पेटी उघडतात ना हो रोज?”

“उघडतात. खात्री नसेल तर रजिस्टर करा.”

माणिकराव क्षणभर विचारात पडले. मागे रांगेत उभा असलेला माणूस खाकरला. “नको,” ते म्हणाले, बाहेर आले, आणि पाकीट पेटीत टाकले.